अवघड जागेचं दुखणं, आणि सोलापुरात डॉक्टर गाठण्याची रीत

सिव्हिलच्या केस पेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ असं विचारलं तर एक शब्द पुरतो: ‘स्किन.’ मागे उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काही कळत नाही. नायटा, खरूज, कोड, केस गळणं, सगळ्यांचे पेपर त्याच विभागाचे निघतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग आणि गुप्तरोग हा विभाग एकत्रच असतो. सोलापुरात म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, आपल्या बोलण्यातलं सिव्हिल. लघवीच्या जागेवरचा फोड, पू, जखम, चामखीळ, खाज, जांघेतली गाठ या तक्रारी अशा विभागात रोजच्याच असतात. खिडकीवर आजार सांगावा लागेल या धास्तीनं कित्येक जण तिथवर जातच नाहीत आणि भिंतीवरच्या जाहिरातीचा नंबर फिरवतात.

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण आपल्या गावाला अगदी लागू पडते. मेडिकलवाला आपल्याच पेठेतला, लॅबमधला पोरगा मेव्हण्याचा मित्र, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या मावशी आईबरोबर विड्या वळणाऱ्या. तेव्हा गुप्तता हवीशी वाटण्यात गैर काही नाही. ती आखून मिळवता येते. पण ती ठेवायची वाटेवरच्या लोकांपासून. डॉक्टरांसमोर बसल्यावर ठेवलेली गुप्तता उपचार बिघडवते. बहुतेकांचं नेमकं उलटं होतं. डॉक्टरांना ‘अशक्तपणा वाटतो’ एवढंच सांगतात आणि मेडिकलच्या काउंटरवर चार गिऱ्हाइकांदेखत ‘त्याच्यासाठी काहीतरी द्या’ म्हणतात.

कोणत्या डॉक्टरांकडे जायचं

पू, फोड, जखम, चामखीळ, खाज असेल तर स्किनचे डॉक्टर. ताठरता येत नाही, पुढची कातडी मागे सरकत नाही, अंडकोषात गाठ किंवा दुखणं आहे, लघवीत किंवा वीर्यात रक्त दिसतं, तर मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरोलॉजिस्ट. शुगर किंवा बीपी आधीपासून असेल तर ताठरतेची तक्रार पहिल्यांदा नेहमीच्या एमडी फिजिशियनना सांगितली तरी चालते, कारण निम्मं उत्तर त्यांनीच लिहून दिलेल्या गोळ्यांत आणि रिपोर्टमध्ये असतं. वीर्य लवकर पडतं, पहिल्या रात्रीची भीती बसली आहे, धातू जातो म्हणून झोप उडाली आहे, अशा तक्रारी मानसोपचारतज्ज्ञ उत्तम हाताळतात. त्यांच्याकडे जाणं म्हणजे वेडाचा शिक्का बसणं नाही. बायकांच्या तक्रारींसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ.

‘सेक्सॉलॉजिस्ट’ ही पाटी वाचून आत जाऊ नका. पाटीखालची पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचा. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवर छापायचा असतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत ऑनलाइन शोधता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते घरी बसून, कुणाला न विचारता होतं.

स्टँड आणि स्टेशनच्या आसपासच्या भिंतींवर, रेल्वेच्या डब्यात ज्या जाहिराती दिसतात, ‘खानदानी इलाज’, ‘मर्दाना ताकद’, ‘अमुक तारखेला तमुक लॉजवर भेटा’, त्या मुळात कायद्यानं बंद आहेत. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे. लैंगिक शक्ती वाढवण्याची आणि गुप्तरोग बरा करण्याची जाहिरात त्यात सरळ मना आहे. तिथं पैसे कसे जातात त्याचीही एक ठरलेली रीत आहे. आधी ‘नसा कमजोर झाल्यात’ म्हणून घाबरवायचं, लघवीत काहीतरी टाकून रंग बदलून दाखवायचा, पंधरा दिवसांची पुडी द्यायची, मग ‘आता भस्माचा कोर्स केला नाही तर उलटं पडेल’ म्हणून रक्कम चढवत न्यायची. त्या पुडीनं कधी कधी खरंच फरक पडतो, आणि धोका तिथंच आहे. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांत सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेचं ॲलोपॅथीचं औषध, मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडलेलं आहे. किती मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं.

सरकारी वाटेत किती गुप्तता असते

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातली लैंगिक आजारांची केंद्रं ‘सुरक्षा क्लिनिक’ नावानं चालतात. तिथं समुपदेशक वेगळ्या खोलीत बोलतात आणि औषधं फुकट मिळतात. ती रंगांवरून ओळखल्या जाणाऱ्या किटमध्ये असतात: लघवीच्या मार्गातून पू येत असेल तर करडं, अंगावरून पांढरं जाण्यासाठी हिरवं, जखमेसाठी पांढरं, पाण्याच्या फोडांसाठी लाल. काही गोळ्या तिथंच, समोर घ्यायच्या असतात, म्हणजे घरी पाकीट लपवत बसायला नको. एचआयव्हीची तपासणी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, आयसीटीसीत, मोफत होते आणि रिपोर्ट बंद खोलीत समजावून दिला जातो. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ सालचा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल परस्पर कुणाला सांगता येत नाही, आणि नोकरी देण्यासाठी मालक ती अट घालू शकत नाही. घरातून बाहेर पडण्याआधी बोलून घ्यायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. शिकवण्याचं रुग्णालय असल्यामुळे तपासणीच्या वेळी शिकाऊ डॉक्टर उभे असतात. ‘सर, मला एकट्यानं बोलायचंय, तपासताना विद्यार्थी नकोत’ असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. तोंडातून शब्द फुटणार नाही असं वाटत असेल तर घरूनच चिठ्ठी लिहून न्या: ‘लघवीच्या जागेवर जखम आहे, सहा दिवस झाले, एकट्यात सांगायचे आहे.’ पेपरबरोबर ती चिठ्ठी पुढे सरकवा. मराठीत अडखळत असाल तर तेलुगूत, कन्नडमध्ये किंवा हिंदीत लिहा. हे सोलापूर आहे, वाचणारं कुणीतरी निघतंच. बाईची तपासणी पुरुष डॉक्टर करत असतील तर नर्स किंवा आया हजर असायला हवी. नसेल तर थांबून बोलावून घ्या.

खोटं नाव द्यावं का

खूप जण देतात. मी देऊ नका म्हणेन, आणि त्याचं कारण सिफिलिसवरून चांगलं कळतं. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि काही न करता तीन ते सहा आठवड्यांत भरूनही येते. माणूस सुटलो म्हणतो, आजार रक्तात तसाच राहतो. उपचार साधा आहे. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट एकदाच, निम्मं निम्मं दोन्ही कुल्ल्यांत. पण बरं झालं की नाही हे नुसत्या ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’वरून ठरत नाही. व्हीडीआरएल या रक्ततपासणीचा आकडा किती उतरला ते पाहावं लागतं. आधी १:३२ असेल तर सहा महिने ते वर्षाच्या आत तो १:८ किंवा त्याखाली यायला हवा. पहिला रिपोर्ट ‘रमेश’च्या नावावर आणि दुसरा खऱ्या नावावर असेल तर डॉक्टर कशाची तुलना कशाशी करणार? मग पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा धास्ती.

नावापेक्षा माग राहतो तो मोबाइल नंबरचा. लॅबमध्ये पूर्वी वडिलांच्या शुगरसाठी जो नंबर दिला होता तोच तुमच्या नावापुढे निघतो आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर त्यांना जातो. प्रत्येक ठिकाणी ‘माझा नंबर बदला, रिपोर्ट मी स्वतः घेऊन जाईन, पाठवू नका’ असं पावती फाडतानाच सांगा. घरच्यांशी सामायिक असलेल्या खात्यातून यूपीआयनं पैसे दिले तर पासबुकात क्लिनिकचं नाव उमटतं. तिथं रोख द्या. मेडिक्लेमचा दावा केला तर कागद कंपनीच्या एचआरच्या हातून जाऊ शकतात. छोट्या तपासण्यांसाठी दावा न करणंच सोपं. कारखान्यात सुट्टीसाठी चिठ्ठी हवी असेल तर आजाराचा दाखला मागू नका, अमुक तारखेला ओपीडीत हजर होतो एवढंच लिहून मागा.

औषध आपल्या गल्लीच्या मेडिकलमधून न घेता सिव्हिलसमोरच्या किंवा सात रस्त्याकडच्या गर्दीच्या दुकानातून घेतलं तर कुणी मान वर करून पाहतही नाही. चिठ्ठी पुढे ठेवायची, बोलायचं काही नाही. घरी गेल्यावर गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरून ठेवू नका. नाव पुसलं की चार महिन्यांनी कुठली गोळी कशाची ते तुम्हालाही कळत नाही.

सगळं टाळून पुण्याला जाणारेही पुष्कळ. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. ऑपरेशनसाठी किंवा दुसऱ्या मतासाठी हे ठीक आहे. पण या बहुतेक तक्रारींना दोन-चार फेऱ्या लागतात, डोस कमी-जास्त करावा लागतो, आणि पुण्याची दुसरी फेरी बहुतेकांची होतच नाही. त्यापेक्षा गावातच, आपल्या घरापासून दुसऱ्या टोकाचा डॉक्टर बरा. जुळे सोलापूरच्या माणसानं बाळीवेस गाठावी, अक्कलकोट रोडच्या माणसानं होटगी रोड.

जाण्याआधी काय करायचं, काय नाही

आदल्या रात्री कागदावर लिहा: त्रास कधीपासून, अचानक सुरू झाला की हळूहळू, शेवटचा संबंध कधी आला, कंडोम होता का, जोडीदाराला काही त्रास आहे का. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घाला, आयुर्वेदिक पुडीसुद्धा. तंबाखू, मावा, दारू किती ते खरं लिहा. गुदद्वाराच्या जागी त्रास असेल, पुरुषाचा पुरुषाशी संबंध आलेला असेल, तर तेही सांगा. नमुना कुठून घ्यायचा हे त्यावर ठरतं. परस्परसंमतीनं ठेवलेले असे संबंध ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गुन्हा नाहीत.

पू येत असेल तर जाण्याआधी निदान एक-दोन तास लघवीला जाऊ नका, नाहीतर तपासायला काही उरतच नाही. लघवी द्यायची वेळ आली तर अशा तक्रारीत सुरुवातीची धार हवी असते, साधारण २० ते ३० मिली. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत मधली घेतात, म्हणून नीट विचारून घ्या. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी आधीच घेऊ नका. अर्ध्या डोसनं पू थांबतो, जंतू राहतो, आणि रिपोर्ट खोटा निर्मळ येतो. जखमेवर मलम, हळद, डेटॉल काही लावू नका. वस्तऱ्यानं केस काढू नका. बायकांनी आतून धुणं आणि योनीत ठेवायची गोळी दोन-तीन दिवस आधी बंद ठेवावी, आणि शक्यतो पाळीचे दिवस टाळावेत.

वीर्याची तपासणी सांगितली असेल तर २ ते ७ दिवसांचा खंड हवा. नमुना लॅबच्याच रुंद तोंडाच्या डबीत, साबण-तेल-थुंकी न लावता. साध्या कंडोममधला नमुना चालत नाही, त्यातल्या रसायनानं शुक्रजंतू मरतात. पहिले थेंब सांडले तर तेही सांगा, कारण सर्वाधिक शुक्रजंतू त्यातच असतात. घरून नेणार असाल तर डबी अंगाशी, खिशात ठेवून अर्ध्या-पाऊण तासात पोचवा. मे महिन्याच्या दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेला नमुना फुकट जातो. लॅबमध्येच स्वतंत्र खोली आहे का, हे फोनवर आधी विचारून घेतलेलं बरं.

ताठरतेची तक्रार

सर्वात जास्त लपवली जाते ती हीच, आणि सर्वात जास्त गंभीरपणे घ्यायला हवी तीही हीच. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण १ ते २ मिमी रुंद असतात, हृदयाच्या ३ ते ४ मिमी. आत चरबीचा थर बसू लागला की लहान नळी आधी चोंदते. म्हणून चाळिशी-पन्नाशीत हळूहळू वाढलेली ताठरतेची तक्रार ही हृदयविकाराच्या काही वर्षं आधी आलेली सूचना असू शकते. विडी, तंबाखू, मावा हे त्या नळ्या आवळतात आणि आतून खराब करतात. जी गोळी शोधत तुम्ही फिरताय तिच्याआधी बीपी मोजून घ्या, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासा. इच्छाच कमी झाली असेल तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन, तेही सकाळी ८ ते ११ च्या दरम्यान. दुपारी ते आपोआप कमी भरतं आणि उगाच उपचार सुरू होतात. कमी आलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉननं शुक्रजंतू कमी होतात, आणि मूल हवं असणाऱ्याला ते फार महाग पडतं.

डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतील: पहाटे ताठरता येते का? येत असेल, एकट्यानं असताना येत असेल आणि फक्त जोडीदारासमोर जात असेल, तर बहुधा नळ्या-नसा ठीक आहेत, धास्ती नडते आहे. बीपीच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ॲटेनोलॉल किंवा थायझाइड, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्याही हा त्रास देतात. त्या आपल्या मनानं बंद करू नका, बदलून मागा.

सिल्डेनाफिल साधारणपणे ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, पासष्टीपुढे किंवा यकृत-मूत्रपिंडाचा त्रास असेल तर २५ पासून. संबंधाच्या तासभर आधी, रिकाम्या किंवा हलक्या पोटी. आपल्याकडे रात्री भाकरी-मटणाचं तर्रीदार जेवण होतं, त्यावर गोळी घेतली जाते आणि ‘गोळी लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. तेलकट जेवणानं ती उशिरा आणि कमी शोषली जाते, एवढंच झालेलं असतं. दुसरी गोळी टाडालाफिल, तिला जेवणाचा फरक पडत नाही आणि तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. दोन्ही गोळ्या इच्छा निर्माण करत नाहीत. जवळीक नसेल तर काहीच होत नाही. योग्य डोस योग्य रीतीनं निदान सहा वेळा घेऊन पाहिल्याशिवाय ती निकामी ठरवू नका. डोकं दुखणं, चेहरा तापणं, नाक चोंदणं हे होतं आणि उतरतं.

आता जे चुकवायचं नाही ते. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा कुठलीही नायट्रेटची गोळी, किंवा निकोरँडिल चालू असेल, तर या गोळ्या पूर्ण वर्ज्य. बीपी इतकं कोसळतं की माणूस जातो. आणि गोळी घेतल्यावर छातीत दुखायला लागलं तर कॅज्युअल्टीत लाज न धरता सांगा, कोणती घेतली आणि किती वाजता. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. बायको शेजारी उभी असेल तर डॉक्टरांना कानात सांगा, पण सांगा. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही चिठ्ठी लिहिण्याआधी सांगायचं.

लवकर पडणं, धातू जाणं

संबंध सुरू झाल्यावर मिनिटभराच्या आत, पहिल्यापासूनच, आणि जवळजवळ दर वेळी वीर्य पडत असेल तर त्याला शीघ्रपतन म्हणतात. चार-पाच मिनिटं हा आजार नाही. पाच देशांत घड्याळ लावून केलेल्या एका अभ्यासात मधला आकडा ५.४ मिनिटं आला होता. उपाय आहेत. थांबून-पुन्हा-सुरू करण्याचा सराव, सुन्न करणारा लिडोकेनचा स्प्रे, आणि डॉक्टरांनी दिली तर डापॉक्सेटिन ३० मिलिग्रॅम, एक ते तीन तास आधी, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर. दारूबरोबर घेतली तर उठताना चक्कर येऊन पडायला होतं. स्प्रे मारल्यावर पाच-दहा मिनिटांनी पुसून घ्या, नाहीतर जोडीदारालाही बधिरपणा येतो.

लघवीतून पांढरं जातं म्हणून खंगत चाललेली तरुण पोरं दिसतात तेव्हा वाईट वाटतं. बहुतेक वेळा ते फॉस्फेटचे क्षार असतात, किंवा शौचाला जोर लावल्यावर आलेले प्रोस्टेटच्या स्रावाचे थेंब. ही भीती आपल्याच भागात इतकी आढळते की डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. हस्तमैथुनानं नस कमजोर होत नाही, स्वप्नात वीर्य जाणं हा दोष नाही. झोप, भूक, कामातलं लक्ष गेलं असेल तर मात्र उपचार हवेत, आणि ते मानसोपचाराच्या ओपीडीत मिळतात. बाहेर पडवतच नसेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं.

जांघेची खाज आणि कातडीचा त्रास

यंत्रमागावर उभं राहून, उन्हाळ्यात घामानं भिजून काम करणाऱ्यांना नायटा होणारच. तो बिघडतो तो मेडिकलमधून आणलेल्या ‘फोर-इन-वन’ मलमानं. त्यात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी खाली पसरत राहते, कातडी पातळ होते आणि जांघेत पडलेले चट्टे-चिरा कायमच्या राहतात. साधं बुरशीचं मलम कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे चालू ठेवायचं. टॉवेल आणि अंतर्वस्त्रं घरात प्रत्येकाची वेगळी.

लिंगाच्या टोकाला वारंवार लाली, भेगा, दह्यासारखा थर येत असेल तर आधी साखर तपासा. मधुमेह पहिल्यांदा असाच सापडलेली माणसं पुष्कळ. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ‘ग्लिफ्लोझिन’नं संपणारी साखरेची गोळी चालू असेल तर तिच्यामुळे लघवीतून साखर जाते आणि तिथं बुरशी वाढते. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगितलंच पाहिजे.

बायकांसाठी

दोन पाळ्यांच्या मध्यावर किंवा पाळीआधी पांढरं जाणं हे नेहमीचं आहे. दह्यासारखं आणि खाज असेल तर बुरशी. मासळीसारखा वास असेल तर जंतूंचा समतोल बिघडलाय. पिवळं-हिरवट, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा संसर्ग, आणि तेव्हा नवऱ्यानंही औषध घेतलंच पाहिजे, नाहीतर महिन्याभरात पुन्हा पहिलं तेच. ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी जा, नळ्यांना सूज राहिली तर पुढे मूल राहायला अडचण होते. संबंधानंतर रक्त दिसलं तर लाजेपायी एक महिनाही घालवू नका. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी हवी.

संबंधाच्या वेळी आत शिरूच न शकणं, स्नायू आवळून धरले जाणं, याला व्हजायनिस्मस म्हणतात. त्याला ‘थंडपणा’ म्हणून बाईला दोष देणं हा अन्याय आहे. हा बरा होणारा त्रास आहे. भरपूर वंगण लावून करंगळीएवढ्या डायलेटरपासून रोज दहा मिनिटं, दुखेल तिथं थांबत, आठवड्यांनी पुढचा आकार. अंगावर पाजताना आणि पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो. त्याला पाण्यावर आधारित जेल लागतं. खोबरेल तेल लावलंत तर कंडोम फाटतो, हे लक्षात ठेवा.

सासूबाई किंवा नवरा आत येण्याचा हट्ट धरतात तेव्हा डॉक्टरच ‘थोडा वेळ बाहेर बसा’ म्हणू शकतात. नंबर लावतानाच नर्सताईंना तसं सांगून ठेवा. आशाताई आपल्याच गल्लीतल्या असतात, त्यांना ओपीडीचा वार आणि वेळ विचारली तरी पुरतं, तक्रार सांगायची सक्ती नाही.

ज्यात थांबायचं नाही

अंडकोष अचानक, जोरात दुखायला लागला, उलटी झाली, तर पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर अंडकोष वाचतो. ताठरता चार तासांपेक्षा जास्त राहिली, किंवा मागे सरकवलेली कातडी पुढे येईना आणि सूज चढली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी. जोखमीचा संबंध आला आणि एचआयव्हीची भीती असेल तर प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, पुढे २८ दिवस. दुसऱ्याच दिवशी केलेली निगेटिव्ह चाचणी काही सांगत नाही. ३ महिन्यांनी परत करावी लागते. गर्भाची भीती असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, तीही ७२ तासांच्या आत. जबरदस्ती झालेली असेल तर सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयानं मोफत उपचार द्यायचे असा कायदा आहे.

अठरा वर्षांखालच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खाज, कातडी, स्वप्नात वीर्य जाणं, पांढरं जाणं यासाठी खुशाल या. १० ते १९ वयोगटासाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. पण लैंगिक संबंध आल्याचं समोर आलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. तिथं त्यांच्या हातात गुप्तता राहत नाही. तरीही उपचार टाळू नका, विश्वासातलं मोठं माणूस बरोबर आणा.

फोनवरून सल्ला घेणार असाल तर २०२० पासून त्याला अधिकृत नियम आहेत, आणि नोंदणी क्रमांक तिथंही विचारायचाच. फोटो मागितला तर चेहरा, दागिना, गोंदण, खोलीतली ओळखीची वस्तू त्यात येऊ देऊ नका. पाठवण्याआधी फोनचा आपोआप बॅकअप बंद करा, पाठवून झाल्यावर गॅलरीतून आणि ‘अलीकडे हटवलेले’मधूनही काढा. घरातला टीव्ही त्याच गुगल खात्याला जोडलेला असतो आणि फोटो तिथं फिरत राहतात.

एखाद्या डॉक्टरांनी मोठ्यानं बोलून लाज आणली, प्रवचन दिलं, चारित्र्य काढलं, तर पेपर आणि रिपोर्ट मागून घ्या आणि दुसरे डॉक्टर बघा. ते कागद तुमचे आहेत. इंजेक्शन किंवा किट मिळाल्यावर सातव्या दिवशी दाखवायला जायचं, तोवर संबंध नको, आणि जोडीदाराचं औषध पूर्ण झालेलं हवं. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिल्यांदा काय दिलं होतं त्याची चिठ्ठी टेबलावर ठेवा.